काळ्या तिखटाचं तिकीट

“हे कुठं चढलं?”

ऋजूनं चिमटीत धरलेला जिऱ्याचा दाणा माझ्या नाकापाशी आणला. कढईत मोहरी तडतडायला लागली होती आणि मला त्या क्षणी नेमकं तेच जिरं हवं होतं.

“दोशींच्या दुकानातून आलं. दे इकडं.”

“तिथं ते उतरलं, आई. चढलं कुठं?”

“गुजरातेत,” कोपऱ्यात लसूण सोलत बसलेले आप्पा म्हणाले. “उंझा म्हणून गाव आहे. लांब पल्ल्याचा प्रवासी आहे तो. त्याला असं चिमटीत लटकवू नको, बसायला जागा दे.”

ऋजूनं तो दाणा अदबीनं पाटावर ठेवला. माझी मोहरी करपली.

आप्पा म्हणजे माझे वडील. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर, बार्शी डेपो. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, पण जगातली कुठलीही वस्तू त्यांना अजून प्रवासीच दिसायची. ते चार दिवसांसाठी आमच्याकडे फलटणला आले होते आणि नेमकं त्याच आठवड्यात दुसरीच्या खटावकर बाईंनी वर्गाला कामाला लावलं होतं. आपल्या ताटातला एक जिन्नस घ्यायचा, तो कुठून निघून आपल्यापर्यंत आला ते शोधायचं आणि शनिवारी वर्गात सांगायचं. भिंतीवर मोठा नकाशा, त्यावर टाचण्या, टाचणीपासून फलटणपर्यंत लोकरीचा धागा. ज्याचा धागा सगळ्यांत लांब, त्यानं आठवडाभर शाळेची घंटा वाजवायची.

घंटेसाठी ऋजू काहीही करायला तयार होती. आदल्या दिवशी तिनं दोशीशेठना इतके प्रश्न विचारले होते, की त्यांनी मला फोन करून विचारलं, “वहिनी, पोरीला कुठल्या खात्यात लावलंय?”

“जिरं ने मग,” मी म्हटलं. “गुजरात चांगलं लांब आहे.”

“शार्दूल किवी आणणार आहे. न्यूझीलंडची.” तिचा चेहरा पडला. मग डोळे हळूहळू वर गेले, फडताळाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर. “आई, काळ्या तिखटात किती गोष्टी असतात?”

“त्याला हात लावायचा नाही.”

“मी फक्त विचारलं.”

“विचारायचंही नाही.”

वरच्या फळीवर चिनी मातीची वीतभर बरणी होती. तोंडाला फडकं, फडक्यावर दोरी, दोरीला माझ्या हातची गाठ. आत माझ्या आईनं केलेलं काळं तिखट. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. जाण्याआधीच्या उन्हाळ्यात तिनं डबाभर करून ठेवलं होतं, आणि आप्पा दर वर्षी पाडव्याला त्यातलं थोडं मला आणून द्यायचे. यंदाच्या पाडव्याला बरणी हातात ठेवताना म्हणाले होते, “हे शेवटचं हं.”

त्या दिवसापासून मी ती उघडली नव्हती. नऊ महिने. माझा नवरा म्हणायचा, आपल्या घरात केशर सढळ हातानं वापरतात आणि तिखट कुलपात असतं.

आप्पांना मात्र त्या बरणीची भारी काळजी. फोनवर माझी तब्येत विचारून झाली की लगेच, “तिखट वापरतीस का नाही?” आल्या आल्या चप्पल काढायच्या आधी त्यांची नजर फडताळावर गेली होती.

“अजून तसंच ठेवलंस?”

“जपून ठेवलंय, आप्पा. मागच्या वर्षीचं पुरवून पुरवून खाल्लं. आईच्या हाताची चव पुन्हा कुठून यायची?”

“म्हणजे मागच्या वर्षीचं बरं होतं?”

“बरं काय विचारता? आईचा हात तो.”

यावर ते उगाचच चूळ भरायला मोरीत गेले होते. तेव्हा मला वाटलं, आठवण आली असेल.

ऋजू मागे हटणारी नव्हती. तिनं पाटी-पेन्सिल आणावी तशी वही आणली आणि आजोबांसमोर मांडी घातली.

“बरणी नाही नेत. पण सांगा तर, आजोबा. काळ्या तिखटात कोण कोण बसतं?”

आप्पांनी लसूण बाजूला ठेवला. “मिरची बसते. ती ब्याडगीची. कर्नाटकातून सोलापूरला येते, तिथून आपण घ्यायची. रंग तिचा, जाळ दुसरीचा, म्हणून थोडी लवंगी मिरचीही घ्यायची. धणे बार्शीतच आडतीवर. खोबरं कर्नाटकातलंच, पण ते लातूरला घ्यायचं, तिथला माणूस खवट देत नाही. लवंग केरळातली. दगडफूल लांबून, हिमालयाच्या बाजूनं. ते कोल्हापूरला स्टँडमागं एक म्हातारा विकतो.”

“आणि हिंग?”

“हिंग अफगाणिस्तानातून.”

ऋजूची पेन्सिल थांबली. “एवढ्याशा बरणीत अफगाणिस्तान?”

“चिमूटभर.”

मी पोळ्या लाटत ऐकत होते. आईचे सगळे जिन्नस आप्पाच ड्यूटीवरून आणायचे. सोलापूरची गाडी असली की मिरची, लातूरची असली की खोबरं. आई त्यांच्या खिशात चिठ्ठी घालायची. म्हणून त्यांना हे पाठ, यात मला काही विशेष वाटलं नाही.

“आजोबा,” ऋजू म्हणाली, “तुम्ही शनिवारी वर्गात कंडक्टर व्हाल? मी बाईंना विचारलंय. त्या म्हणाल्या, पालकांनीही यावं.”

“मला विचारायच्या आधी बाईंना विचारलंस?”

“आधी सीट धरायची, मग तिकीट काढायचं. तुम्हीच म्हणता.”

शुक्रवारभर आप्पा लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू कापून तिकिटं करत बसले. प्रत्येकावर हातानं तीन ओळी: चढले, उतरले, चढल्याची तारीख. खरा पंच डेपोत जमा झालेला, म्हणून त्यांनी आमचा अडकित्ता घेतला. तो रिकामा मिटला की अगदी पंचासारखा टिकटिक वाजत होता, आणि त्याच्या टोकानं कागदाला भोकही पाडता येत होतं.

शनिवारी सकाळी मी वर्गात मागे उभी होते. खटावकर बाईंनी बाक दोन रांगांत लावून मधे वाट ठेवली होती, आणि त्या वाटेनं आप्पा कानाला पेन खोचून, एका हातात अडकित्ता घेऊन आले, ते थेट तीस वर्षांपूर्वीचे आप्पा. माझ्या लहानपणी मी याच माणसाला गर्दीतून वाट काढताना पाहिलं होतं, पाय कुणाच्या पायावर न पडू देता.

“चला, तिकीट बोला,” टिकटिक. “एक नियम आधीच सांगतो. या गाडीत विनातिकीट कुणी नाही. आणि तिकिटावर खोटं काही लिहायचं नाही. माझ्या गाडीत माझ्या बायकोलासुद्धा सवलत मिळाली नव्हती.”

मुलं हसली. ते खरंच होतं. लग्नानंतर पाचव्या दिवशी आई मांडवपरतणीला वैरागला माहेरी निघाली, ती नेमकी यांच्याच गाडीत. पास अजून झाला नव्हता. यांनी भर गाडीत नव्या नवरीपुढे टिकटिक केली आणि तिला वैरागचं तिकीट घ्यायला लावलं. आई शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची, “यांनी मला लग्नात दिलेली पहिली वस्तू म्हणजे भोक पाडलेला कागद.”

“किवी,” शार्दूल ऐटीत म्हणाला. “न्यूझीलंड.”

“एकटीच आली?”

“बोटीनं मुंबईला. मग ट्रकनं पुण्याला. मग मामाच्या गाडीतून.”

“तीन गाड्या बदलल्या. दमली असेल. मांडीवर घे तिला.” टिकटिक. बाईंनी नकाशाच्या पार उजव्या खालच्या कोपऱ्यात टाचणी लावली, आणि लोकरीचा धागा समुद्र ओलांडून आला. वर्गातून ‘आऽऽ’ असा आवाज निघाला.

अस्मानं खजूर आणला होता, इराणचा. एकानं चहाची पूड, आसामची. संकेतनं शर्टाच्या पोटापाशी धरलेलं डाळिंब बाहेर काढलं आणि मान खाली घालून म्हणाला, “आमच्या मळ्यातलं. जवळच आहे. मी हातात धरून चालत आणलं.”

कुणीतरी फिसकन हसलं. आप्पा त्याच्यापाशी थांबले.

“रस्त्यात कुठं बदललं?”

“नाही.”

“कुणी दुसऱ्यानं हात लावला?”

“फक्त आज्जीनं. तोडून दिलं.”

“मग हा व्हीआयपी. थेट गाडी, बिनथांब्याची. अख्ख्या वर्गात हा एकटाच आहे, बघा.” त्यांनी तिकिटाला दोन भोकं पाडली. संकेत ताठ झाला.

मग ऋजू उठली. तिनं दप्तर उघडलं, माझा चांगला टर्किशचा नॅपकिन बाहेर काढला, आणि नॅपकिनमधून बरणी.

फडकं तेच होतं, दोरी तीच, पण गाठ माझी नव्हती. आठ-दहा चमचे होते आत. सात वर्षांची पोर बाकाच्या निसटत्या उतारावर माझी सगळी आई ठेवून हात सोडून बोलत होती.

“यात पुष्कळ प्रवासी आहेत,” तिनं वही उघडली. “ब्याडगी, बार्शी, केरळ, हिमालय आणि अफगाणिस्तान. पण ते सगळे बार्शीला कुटताना एका गाडीत बसले. हे माझ्या आजीनं केलंय.”

मी पुढे निघाले, पण बाईंनी हलकेच माझ्या हातावर हात ठेवला. बोलू दे, असं.

आप्पांनी बरणीकडे पाहिलं. अडकित्ता वाजला नाही.

“याला तिकीट नको,” ते म्हणाले. “याचा पास आहे.”

“दाखवा पास,” ऋजू म्हणाली.

वर्ग खिदळला. आप्पा हसले नाहीत.

“आजोबा, विनातिकीट कुणी नाही. तुम्हीच म्हणालात.”

“म्हणालो खरं.” त्यांनी कानावरचं पेन काढलं. चढले: बार्शी, असं लिहिलं. उतरले: फलटण. मग पेन तारखेच्या ओळीवर गेलं आणि तिथं टेकून राहिलं. मला वाटलं, शाई संपली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. पकडलेल्या प्रवाशासारखं. आणि लिहिलं.

ऋजूनं तिकीट हातात घेऊन मोठ्यानं वाचलं. “चौदा मार्च.” पुढचं वर्षही वाचलं, आणि मग वळून मला समजावलं, “म्हणजे मी पहिलीत होते तेव्हा, आई.”

“पण तुझी आजी तर,” शार्दूल जागेवरून म्हणाला, “तू बालवाडीत असताना देवाघरी गेली ना? तू सांगितलंस.”

“हो.”

“मग तू पहिलीत असताना तिनं तिखट कसं केलं?”

ऋजूनं आजोबांकडे पाहिलं. सगळ्या वर्गानं आजोबांकडे पाहिलं. अस्मा तोंडातला खजूर चावायची थांबली.

“चौकशी खिडकी बंद आहे,” आप्पा म्हणाले.

“सांगा ना, आजोबा.”

आप्पांनी अडकित्ता उघडला, मिटला. मग मुलांना नाही, माझ्या बाजूच्या भिंतीला सांगावं तसं बोलले.

“मधेच ड्रायव्हर बदलला होता. गाडी तीच आहे.”

टिकटिक. तिकिटाला भोक पडलं.

मुलांना ते पटलं. ड्रायव्हर बदलतात, त्यात काय. बाईंनी टाचण्या लावायला घेतल्या, पाच ठिकाणांचे पाच धागे. ऋजूचा आग्रह होता की सगळे एकमेकांना बांधून मोजावेत. बाईंनी खरंच बांधले. तरी किवी दोन हात पुढेच राहिली.

“किवी एकटी आली,” ऋजू म्हणाली. “आमचे सगळे मिळून आले.”

“बरं, मधल्या सुट्टीची घंटा तू वाजव,” शार्दूल म्हणाला. जिंकलेल्या माणसाला परवडतं तसं.

मला हे सगळं लांबून ऐकू येत होतं. मी तिथंच भिंतीला टेकून मार्च, पाडवा, मागचा पाडवा, त्याच्या मागचा, असं उलटं मोजत होते.

घरी येताना ऋजू पुढे उड्या मारत होती. बरणी नॅपकिनसकट माझ्या हातात. आप्पा माझ्यापासून दोन पावलं मागे, कधी नव्हे ते.

“किती वर्षं, आप्पा?”

“तिन्ही.”

“आणि आईनं केलेलं?”

“ते ती गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीलाच संपलं. तेच सांगायला तुला फोन केला होता. तू उचललास आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणालीस, आप्पा, ते तिखट आहे तोवर आई घरात आहे असं वाटतं, अजून आहे ना हो? मी म्हटलं, आहे की. डबाभर आहे. डबा समोर पालथा घातलेला होता.”

मी हातातली बरणी छातीशी धरली.

“पहिल्या खेपेला खोबरं जाळलं. गल्ली खोकत होती, लोक विचारायला आले. दुसऱ्या खेपेचं शेजारच्या मंदाकाकूंना चाखायला दिलं, तर म्हणाल्या, भाऊजी, हे झाडांना घाला, कीड मरेल. तिसऱ्या खेपेचं तुला पाठवलं. डंकावर कुटायला गेलो की सगळ्या बायका, मधे मी एकटा. आता जागा धरून ठेवतात माझी.”

“पण माप? आईनं तर कधी लिहून ठेवलं नव्हतं.”

“माप मला ठाऊकच नव्हतं, अजून नाही. पण काय कुठून आणायचं ते ठाऊक होतं. एकतीस वर्षं मीच आणत होतो की. म्हटलं, सगळे प्रवासी बरोबर स्टँडवरून उचलले तर गाडी तिच्याच गावाला जाईल. गेलो सोलापूरला, लातूरला, कोल्हापूरला. त्या दगडफूलवाल्यानं विचारलं, वहिनींची चिठ्ठी कुठाय? म्हटलं, पाठ झालीय.”

पुढे ऋजू थांबली होती, खाली वाकून मुंग्यांची रांग कुठून चढली ते पाहत.

“मग यंदा ‘शेवटचं’ का म्हणालात?”

आता आप्पा पहिल्यांदा चिडले. “तू खाईनास म्हणून. अगं, मी तीन-तीन गावं फिरून करतोय, आणि फोन केला की तुझं एकच, जपून ठेवलंय. तिखट काय जपायची वस्तू आहे? वास उडतो त्याचा. म्हटलं, शेवटचं म्हटल्यावर तरी चवीनं खाशील. तर तू त्याला फाशीची गाठ मारून वर टांगलंस. माणसानं केलं तर कसं झालंय हे कळायला नको?”

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले. नॅपकिनला तिखट लागलेलं होतं, ते विसरून मी तो डोळ्याला लावला. मग मी भर रस्त्यात, भर दुपारी, नळाच्या शोधात धावले, आणि आप्पा मागून ओरडत होते, “चोळू नको, चोळू नको.” ऋजू म्हणाली, “बघा, अजून वास उडला नाही.”

ते तिकीट अजून बरणीवर चिकटवलेलं आहे. ऋजू आता सहावीत आहे, धाकटा पाळण्यात आहे, आणि त्याच्या झोपेच्या या दोन तासांत मी हे लिहितेय. तिकिटाची शाई फिकी पडली, भोकाभोवतीचा कागद फाटत आला. पण त्यानंतर बरणी कधी नऊ महिने बंद राहिली नाही. मार्चमध्ये मीच बार्शीला जाते. डंकावर आप्पांच्या मागचा नंबर माझा असतो.

त्या शनिवारी संध्याकाळी मी वांग्याचं कालवण केलं. दोरी कात्रीनं कापली. दोन चमचे तिखट घातलं, सपाट नाही, शीग लावून. घरभर वास सुटला तेव्हा माझा नवरा दारातूनच म्हणाला, “कुलूप फोडलं कोणी?”

आप्पांनी पाटावर बसून भाकरी मोडली, पण घास घेतला नाही. माझ्याकडे पाहत राहिले. मी पहिला घास घेतला. सावकाश चावला. ऋजूही माझ्या तोंडाकडे बघत होती, निकाल लागायचा असावा तशी.

“कसं झालंय?” आप्पांनी विचारलं. तीन वर्षांत पहिल्यांदा, सरळ.

मी दुसरा घास घेतला. जिभेवर ठेवून नीट पाहिला.

“लवंग जास्त झालीय.”

आप्पांचा चेहरा असा उजळला, की मी तसा त्यांना आई गेल्यापासून पाहिला नव्हता.

“मलाही तीच शंका होती,” ते म्हणाले आणि जेवायला लागले. “पुढच्या खेपेला दोन कमी घालतो.”